दहा केसरी, एक निळा

(सोनपेठजवळचं एक गाव. पंचवीस जानेवारी १९७९. लिंबाजीच्या घरापुढचं अंगण, दिवस मावळायला आलेला. बाजेवर दहा नवे केसरी शर्ट एकावर एक ठेवलेत. पलीकडच्या कोपऱ्यावर एक जुना निळा. नामांतराच्या दंगलीला सहा महिने होत आलेत.)

सूर्यभान : ते सगळं मागून. आधी सांग, हा निळा माझ्यासाठी कुणी काढून ठेवला?

लिंबाजी : बस तर आधी. उभ्या उभ्या काय बोलायलास.

सूर्यभान : बसायला आलो न्हाई. दहा केसरी नवे कोरे, दुकानाचा कागदसुद्धा अजून काढला न्हाई. आणि हा एक बाजूला. कॉलर विरलेली, बटणं दोन गेलेली. कुणी काढला?

लिंबाजी : मी काढला. माझाच हाय तो.

सूर्यभान : तुझा.

लिंबाजी : कॅप्टनचा शर्ट हाय, सूर्यभान. सहा वर्सं अंगात घातला मी. म्हनलं, तुला द्यायचाच तर दुसऱ्या कुनाचा कशाला, आपला द्यावा.

सूर्यभान : लय उपकार झाले.

लिंबाजी : तिरकं बोलू नको. तुझा पिवळा जळाला म्हनून...

सूर्यभान : जळाला न्हाई. जाळला.

लिंबाजी : बरं, जाळला. मग उद्या पाथरीला तू अंगात घालनार काय? गोलकीपरचा रंग येगळा लागतोच की. व्यंकटराव मास्तरानं कितीदा पाठ करून घेतलं आपल्याकडून. दहाजणांचा एक, गोलातल्याचा दुसरा. न्हाईतर बॉलला हात कुनाचा लागला ते पंचाला कसं कळावं? आता आमचे झाले केसरी. मग तुझा केसरी चालनार न्हाई. म्हनून निळा.

सूर्यभान : हिरवा चालला असता. काळा चालला असता. पांढरा चालला असता. बोहारणीकडचं लुगडं फाडून शिवला असता तरी पंचानं शिट्टी मारली नसती. निळाच कामून?

लिंबाजी : आता निळा म्हंजे... तुमचाच की.

सूर्यभान : काय म्हणलास?

लिंबाजी : तसं न्हाई रं. तुमचा झेंडा निळा, तुमच्याकडं त्या रंगाला मान. हे नवे शर्ट किशनरावानं दिले, त्याला मीच म्हनलं, सूर्यभानला निळा देऊ, त्याला बरं वाटंल.

सूर्यभान : बरं वाटंल.

लिंबाजी : मनापासून सांगायलोय बघ.

सूर्यभान : ते दिसायलंय मला. तू कपटानं केलं असतंस तर मी दोन शिव्या देऊन गेलो असतो. तू मनापासून केलंस. आता तुला कोणत्या तोंडानं बोलावं?

लिंबाजी : यात चुकलं काय ते तर सांगशील?

सूर्यभान : सांगतो. सहा वर्षांत मी निळा शर्ट कधी घातला का?

लिंबाजी : तू गोलकीपर. तुझा पिवळाच की.

सूर्यभान : आणि निळा कोण घालायचं?

लिंबाजी : आमी.

सूर्यभान : तुमी. तू, दत्तराव, सटवाजी, सिताराम, वैजीनाथ. सगळी रानवाल्यांची पोरं. अकरा जणांत एकट्या माझ्याच अंगावर निळा नव्हता. तवा तो कुणाचा होता? परभणीला सामना खेळून आलो, लोकं म्हणायची, निळ्या शर्टाची टीम आली. तवा तुमाला लाज वाटली न्हाई. आता मुंबईत ठराव झाला, विद्यापीठाची पाटी बदलायची म्हणले, आणि तो रंग एका रातीत माझा झाला? दहा जणांनी अंगातून काढून माझ्याकडं फेकला?

लिंबाजी : फेकला कुठं? घडी घालून ठिवलाय.

धुरपदाबाई : कोन आलंय रं लिंब्या? सूर्यभानाचा आवाज यायलाय का?

सूर्यभान : मीच हाय, काकू.

धुरपदाबाई : कितीक दिसांनी आलास बाबा. दारावरून दोनदा गेलास, आत बघितलं बी न्हाईस. माय बरी हाय का? हात बसला का तिचा?

सूर्यभान : वाकडा बसला. भाकरी थापता येत न्हाई. उजवा हाय ना.

धुरपदाबाई : च्या टाकते. बस.

सूर्यभान : नको काकू. दोन शब्द बोलायचेत, बोलून जातो.

धुरपदाबाई : बोल की. च्या पिऊन बोलता येत न्हाई का? म्होरच्या बाजेवर काय मांडलंय हे?

लिंबाजी : माय, तू आत जा. टीमचं हाय.

धुरपदाबाई : टीमचं हाय म्हनूनच मी हितं उभी. सहा वर्सं ह्या अंगनात निळीचं घमेलं मांडलं ते मी. तुमच्या शर्टात खडेमीठ टाकलं ते मी. आता मला आत जा म्हनायलास?

सूर्यभान : काकू, तुमीच सांगा. ही निळी टीम कशी झाली, ह्याला आठवत न्हाई.

लिंबाजी : आठवतंय मला.

सूर्यभान : मग सांग.

लिंबाजी : सोनपेठला झाली. दुष्काळ सरला त्या साली. समोरच्या टीमचे शर्ट बी पांढरे, आपले बी पांढरे. पंच म्हनला, एकानं बदला. नाणं उडवलं, आपन हरलो.

सूर्यभान : पुढं.

लिंबाजी : पुढं काय. मास्तरानं वाण्याकडून निळीच्या पुड्या आनल्या. शर्ट बुडवले. झालं.

सूर्यभान : बुडवले. कुणी बुडवले? आपोआप बुडले का?

लिंबाजी : तू बुडवले.

सूर्यभान : काकू, बाजाराचा दिवस. हे दहा जण उघडे उभे, काखेत हात घालून, लोक हसायलेत. मी एकटा कपड्यात. माझ्या अंगात माझ्या हळदीचा सदरा, पिवळाजर्द, मला बदलायची गरजच नव्हती. मास्तर म्हणले, सूर्यभान, तुझे हात मोकळे हायत, तूच घे. हॉटेलवाल्याचं घमेलं मागितलं. आडाचं पाणी दुसऱ्यानं शेंदून दिलं, मला शेंदू दिलं न्हाई, ते सोडा. पण पाण्यात हात माझे. कोपरापर्यंत. एकेक शर्ट मी बुडवला, पिळला, ह्यांच्या हातात दिला. थंडीचे दिवस. दत्तराव काय म्हणला माहीत हाय? म्हणला, आणखी जरा पिळ, अंगाला गार लागतंय. त्या दिवशी कुणी म्हणलं न्हाई की पाणी बाटलं.

धुरपदाबाई : घरी आला तवा ह्याचं पोट निळं झाल्यालं. मी म्हनलं, कुनी मारलं का काय लेकराला.

सूर्यभान : आणि जिंकलो. जिंकलो म्हणून ह्यानंच ठरवलं. नीळ धुण्याची, दोनदा धुतली की उडती. तर दर सामन्याच्या आदल्या दिवशी ह्या अंगणात शर्ट आणायचे आणि सूर्यभाननंच बुडवायचे. दुसऱ्याचा हात नको, त्याच्या हाताला यश हाय. सांग, म्हणला होतास का न्हाई?

लिंबाजी : म्हनलो व्हतो. आजबी म्हनतो.

सूर्यभान : मग बुडवू का हे केसरी?

लिंबाजी : आता चिरडीला येऊ नको. रंग मी बदलला न्हाई. किशनराव म्हनला, असल्या दिवसांत निळं घालून पाथरीला गेलात तर लोक काय समजतील? आपन कुन्या बाजूचे? शर्ट मी देतो, जीप मी देतो, केसरी घाला. त्याच्यापुढं आमी काय बोलनार?

सूर्यभान : काय बोलणार. तोंडात जीभ असती सगळ्यांच्या, बोलायला काय लागतं?

लिंबाजी : तुला बोलायला सोपं हाय.

सूर्यभान : सोपं. होय. माझं घर जळून गेलंय, आता जाळायला काय राहिलं? म्हणून सोपं.

धुरपदाबाई : लिंब्या, जिभेला हाड न्हाई का तुझ्या?

लिंबाजी : चुकलं. सूर्यभान, चुकलं. पन तू माझं बी ऐक. उद्याचा सामना साधा न्हाई. जिल्ह्याच्या टीमसाठी मानसं निवडायला साहेब यायलेत परभणीहून. दहात तुला कोन ओळखतं? गोलात तुला सगळं पाथरी ओळखतं. तू निवडला जानार हे ठरल्यात जमा हाय. जिल्ह्याकडून खेळल्याचा दाखला मिळाला की पोलिसभरतीत तुझं काम झालंच. कालव्यावर टोपली उचलायचं सुटंल. सटवाजी उसाच्या फडातून आलाय, मुकादमाच्या शिव्या खाऊन, दोन दिसांसाठी. तुझ्या भरवशावर आलाय. एका शर्टापायी सगळं घालवशील?

सूर्यभान : पोलिसात.

लिंबाजी : तुझंच सपान हाय ते.

सूर्यभान : होतं. पोलीस दुसऱ्या दिवशी दुपारी आले आमच्या वस्तीत. जमादारानं मला इचारलं, चुलीतून पेटलं का? मी म्हणलं, साहेब, अठरा घरांच्या चुली एका वक्ताला कशा पेटतील? तर म्हणला, तू लय शिकलेला दिसतोस. त्या पोलिसात जायचं सपान होतं माझं.

धुरपदाबाई : तुझी माय कडूबाई एकलीच व्हती ना त्या रातीला?

सूर्यभान : एकटी होती. मी कालव्याच्या कामावर मुक्कामी, बायको माहेरी. माय म्हणत होती, गावात कायतरी शिजायलंय, तू जा, मी दार लावून बसते. दाराला कडी होती, आतून पाटा लावला होता. नुसत्या ढकलण्यानं ते दार उघडलं नसतं काकू. छपराला नुसती आग लावली असती तर मागच्या कुडातून निघून गेली असती ती, शेजारची म्हातारी तशीच निघाली. हात मोडला नसता.

धुरपदाबाई : मग दार मोडलं का त्यांनी?

सूर्यभान : न्हाई. तिनं उघडलं.

लिंबाजी : सूर्यभान, जाऊ दे आता ते.

सूर्यभान : कामून जाऊ दे? तुला ठाऊक हाय मी काय सांगणार ते?

लिंबाजी : न्हाई. पन माझ्या मायला कशाला तरास.

धुरपदाबाई : मला काय तरास व्हायचाय? सांग बाबा. कामून उघडलं तिनं?

सूर्यभान : फटीतून बघितलं. टेंभे होते हातात. तोंडाला फडकी बांधलेली, ओळखू कोणी येईना. पण पुढं जो होता त्याच्या अंगात निळा शर्ट होता. आपल्या टीमचा. तिनं सहा वर्षं बघितलेला, माझ्या नखात महिना महिना ज्याची नीळ राहायची तो शर्ट. तिला वाटलं, सूर्यभानच्या टीममधलं पोरगं हाय. आपल्याला वाचवून न्यायला आलंय. ती खुश झाली काकू. मला सांगताना म्हणली, मी खुश झाले रं. पाटा बाजूला सारला आणि कडी काढली.

धुरपदाबाई : माय गं.

सूर्यभान : आता कुणी दार वाजवलं तर ती आतून बोलत न्हाई. मी हाक मारली तरी उघडत न्हाई. दोनदा, तीनदा नाव सांगावं लागतं. पोटच्या पोराला. आणि तू आज तो शर्ट घडी घालून माझ्या हातात द्यायलास. हा घालून मी घरी कसा जाऊ, सांग.

लिंबाजी : मला हे ठावं न्हवतं.

सूर्यभान : हे न्हवतं ठाऊक. शर्टाचं होतं.

लिंबाजी : लोक कायबी बोलत्यात.

सूर्यभान : लोक न्हाई ती. माझी माय हाय.

धुरपदाबाई : लिंब्या, माज्याकडं बघ. तुला ठावं व्हतं?

लिंबाजी : मी न्हवतो त्यात. तुझ्या डोक्यात तसं आसंल तर काढून टाक सूर्यभान. मी न्हवतो.

धुरपदाबाई : हा न्हवता बाबा. ते मी सांगते. ह्याला मी मागच्या खोलीत कोंडून घातला व्हता. भाईर जातो, भाईर जातो म्हनत दाराला लाथा घालत व्हता. मी कडी काढली न्हाई.

लिंबाजी : ह्याच्या मायकडंच चाललो व्हतो मी, वाचवायला.

धुरपदाबाई : तसं तवा सांगितलं न्हाईस. नुसतं जातो म्हनलास. कुन्या बाजूला जातोस ते मला कळंना, म्हनून कोंडला. सहा महिने झाले, आजून कळंना.

लिंबाजी : माय, तू बी आसं बोलावं का?

सूर्यभान : बोलू दे तिला. तू नव्हतास हे मला ठाऊक हाय. तू असतास तर मी आज आलोच नसतो. कोण होता तेबी ठाऊक हाय. दहा शर्ट माझ्या हाताखालून गेलेत, मला एकेकाचं अंग पाठ हाय. डाव्या खांद्याला ठिगळ कुणाच्या शर्टाला होतं?

लिंबाजी : आता ते कसं ध्यानात राहील?

सूर्यभान : राहतं. टेरिकॉटचं ठिगळ. सुती कापडाला नीळ धरती, टेरिकॉटला धरत न्हाई. कितीदा बुडवा, तेवढा खांदा पांढराच राहायचा. आपण चिडवायचो, दत्तरावच्या खांद्यावर बगळा बसलाय. माय म्हणली, पुढच्याच्या खांद्यावर पांढरं होतं. मी तिला सांगितलं न्हाई ते कोण. तिच्यासाठी तो टीममधला पोरगाच.

धुरपदाबाई : दत्तराव. किशनरावाचा दत्ता.

लिंबाजी : दत्तराव म्हनतो, त्याचा शर्ट वाळत घातल्याला कुनीतरी नेला.

सूर्यभान : असं म्हणतो? म्हणजे तू इचारलंस त्याला.

लिंबाजी : मी न्हाई इचारलं. तोच आपल्या मनानं बोलला.

सूर्यभान : कुणी न इचारता बोलला. आणि तू मानलंस.

लिंबाजी : मी... मी पुढं काय बोललो न्हाई.

सूर्यभान : मग जुने शर्ट कुठं हायत?

लिंबाजी : किशनरावानं गोळा केले. नऊच्या नऊ. म्हनला, नवे देतो, जुने जमा करा. गोठ्यामागं चुलीत घातले त्यानं, पानी तापवायला. माझा तेवढा मी दिला न्हाई. म्हनलं हरवला.

धुरपदाबाई : आता उजेड पडला बघ माज्या डोक्यात. नऊच्या नऊ म्हंजे, कुनीतरी नेला म्हनतो तो दत्त्याचा बी त्यात आला. मी म्हनलं, ह्या मानसाला झेंड्याबिंड्याचं कवाधरनं लागलं? त्याला निळ्या रंगाचं भ्या न्हाई. त्याला एका शर्टाच्या खांद्याचं भ्या हाय. आन् ते झाकायला तुमच्या दहाजणांच्या अंगावर केसरी चढवलं. तुमी घेतलं. नवं कोरं मिळालं म्हनून घेतलं.

लिंबाजी : मला यवढं सुचलं न्हाई माय.

धुरपदाबाई : सुचलं न्हाई का सुचू दिलं न्हाई?

सूर्यभान : हे बघ लिंबाजी. मी भांडायला आलो न्हाई म्हणलो तर खोटं होईल, भांडायलाच आलो. पण उद्या मी खेळतो. शर्ट तू म्हणशील तो घालतो. गोणपाट दे, गोणपाट घालतो. हा निळा दिलास तरी घालतो, माय झोपल्यावर घरी जाईन. फक्त दत्तराव मैदानात नको. त्याचं नाव काढ. तू कॅप्टन हायस, अकरा जण तू निवडतोस. मास्तरानं तो हक्क तुला दिलाय, किशनरावानं न्हाई.

लिंबाजी : जीप त्याच्या बापाची हाय.

सूर्यभान : एसटी हाय.

लिंबाजी : शर्ट त्याच्या बापाचे.

सूर्यभान : परत दे.

लिंबाजी : आन् गावात ऱ्हायचं कसं मी? आमची जमीन त्याच्या बांधाला. पानी त्याच्या इहिरीवरून येतं. तू म्हनशील ते बरोबर हाय रं, पन मी त्याला काय कारन सांगू?

सूर्यभान : कारण तुझ्याकडं हाय. तोंडातून काढायचंय फक्त.

लिंबाजी : उद्याचा सामना होऊ दे. आल्यावर बोलतो. इमानानं सांगतो, आल्यावर बोलतो मी दत्तरावशी.

सूर्यभान : सहा महिने तू हेच केलंस. दिवाळी होऊ दे. खळं होऊ दे. आता सामना होऊ दे. माझ्या मागं गोल हाय लिंबाजी, पुढं तुमी दहा. मी उभा राहतो ते तुमच्या पाठीकडं बघत. त्यात दत्तरावची पाठ मी दीड तास बघत उभा राहू? खांद्यावर आता पांढरं नसेल. नवा शर्ट हाय. तरी मला तिथंच दिसणार.

लिंबाजी : तू न्हाई आलास तर हरतो आमी.

सूर्यभान : आमी. बघ, किती लवकर मी बाहेर झालो त्या आमीतून.

लिंबाजी : शब्दात धरू नको.

सूर्यभान : बरं, न्हाई धरत. एकच इचारतो आणि जातो. मी न्हाई आलो तर गोलात कोण?

लिंबाजी : सिताराम राहील उभा. दुसरं कोन हाय?

सूर्यभान : त्याला केसरी चालणार न्हाई. नियम हाय.

लिंबाजी : व्हय.

सूर्यभान : मग त्याच्या अंगात काय? हा?

लिंबाजी : न्हाई, हा कसा... त्याला पांढरा देऊ. शाळेचा पांढरा असंल की त्याच्याकडं.

सूर्यभान : पांढरा.

लिंबाजी : सूर्यभान...

सूर्यभान : सितारामसाठी पांढरा एका दमात सापडला. माझ्यासाठी तुला सापडला न्हाई. मघाशी मी तोंडानं सांगितलं, पांढरा चालला असता म्हणून, तरी तुला ऐकू आलं न्हाई.

लिंबाजी : माझ्या ध्यानात आलं न्हाई रं. खरंच आलं न्हाई.

सूर्यभान : तेच म्हणतो मी. तुझ्या ध्यानातसुद्धा आलं न्हाई. येतो काकू.

धुरपदाबाई : च्या झालाय बाबा. घोटभर घे.

सूर्यभान : पुन्हा कवातरी. आणि लिंबाजी, पांढरा कशाला शोधता. दत्तरावला उभा करा गोलात. निळा त्याला बसतो. माझ्या मायनं बघितलाय.

धुरपदाबाई : सूर्यभाना. आरं थांब. सूर्यभाना.

लिंबाजी : थांबनार न्हाई तो माय.

धुरपदाबाई : कामून थांबावं त्यानं? तू काय दिलंस त्याला थांबण्याजोगं?

लिंबाजी : मी चांगलं म्हनूनच केलं व्हतं.

धुरपदाबाई : कडूबाई बी चांगलंच समजून उठली व्हती. निळा शर्ट बघून.

लिंबाजी : नको ना बोलू आता.

धुरपदाबाई : बोलते. माझाच कसूर हाय. तवा कडी काढून तुला सोडायला पायजे व्हतं. वाचवाय गेला आसतास तर तोंड वर करून हिंडला आसतास. पेटवाय गेला आसतास तर मी तुला रडून मोकळी झाले आसते. आता मधीच लोंबकळत ठिवलाय तुला, त्याला मीच कारन. हा च्या पी. त्याचा हाय, निवायलाय.

लिंबाजी : मला जात न्हाई.

धुरपदाबाई : मग ठिव तसाच.

लिंबाजी : माय, उद्या गोलात मी उभा राहतो.

धुरपदाबाई : तुला येतं का?

लिंबाजी : न्हाई. सात-आठ गोल खाईन.

धुरपदाबाई : आन् घालनार काय? पांढरा?

लिंबाजी : न्हाई, हा निळा. माझाच हाय तो.

धुरपदाबाई : किशनराव जीपमधी बसू देईल का हे घालून?

लिंबाजी : सकाळची यष्टी हाय.

धुरपदाबाई : निळं घातलं म्हंजे झालं का? कडूबाईचा हात सरळ व्हनार हाय का त्यानं?

लिंबाजी : न्हाई व्हनार.

धुरपदाबाई : मग दत्त्याचं काय?

लिंबाजी : इचारतो. मैदानात उतरायच्या आधी, सगळ्याम्होरं. तुझ्या शर्टाला खांद्यावर ठिगळ व्हतं का, यवढंच इचारतो.

धुरपदाबाई : हितं अंगनात बसून समद्यांलाच इचारता येतं.

लिंबाजी : ठावं हाय मला. तिथं तोंड उघडलं न्हाई तर घरी येत न्हाई.

धुरपदाबाई : कुठं जाशील? घरीच येशील. इचारून ये म्हंजे झालं.

लिंबाजी : पार इटलाय हा. उजेडात धरला तर पांढराच दिसायलाय. नीळ हाय का घरात?

धुरपदाबाई : फळीवर हाय दोन पुड्या. घमेलं गोठ्यात. पानी तूच काढ, आन् हात बी तुझाच घाल.